अडीच आटे

आरसेवाल्यांच्या पिकअप गाडीला घरात सगळे 'थोरली' म्हणत. कारण सरळ होतं. डिझेलवर चालणारी ती गाडी त्यांच्या लग्नाच्या बरोबर दोन महिने आधी दारात आली होती आणि बायको नंतर आली. या गोष्टीला एकतीस वर्षं झाली. दोघींचं एकमेकींशी बरं चाललंय असं आरसेवाल्यांना वाटत असे. पुरुषांना असं बरंच काही वाटत असतं.

खरं म्हणजे त्यांचा धंदा खिडक्यांच्या काचांचा. खाली दुकान, वर घर, मागे अंगण आणि अंगणात थोरली. काच कापायची बायकोने, बसवायची यांनी. बाईंच्या हातात हिऱ्याच्या टोकाची हिरकणी आली की काचेवर एकच रेघ जायची, टक असा आवाज व्हायचा आणि दोन तुकडे वेगळे. दुसरी रेघ ओढताना त्यांना कोणी पाहिलं नव्हतं. आरसे वर्षाकाठी पाचसहाच विकले जात. तरी लोक यांना आरसेवाले म्हणत ते एका गोष्टीमुळे, आणि ती गोष्ट ते स्वतःच सांगत फिरत.

गोष्ट अशी. अकरा वर्षांपूर्वी गावातल्या नाचाच्या वर्गासाठी दीड पुरुष उंचीचा आरसा टेकडीपलीकडून आणायचा होता. टेकडी चढून अलीकडे उतरताना, पाण्याच्या टाकीच्या वळणावर, समोरून दुधाचे कॅन लावलेली सायकल आली. गाडी भरधाव. आरसेवाल्यांनी स्टिअरिंग असं काही फिरवलं की थोरली क्षणभर दोन चाकांवर उभी राहिली, सायकल बगलेतून निघून गेली आणि थोरली पुन्हा चारी पायांवर आली. खाली उतरून बघतात तर आरशावर ओरखडा नाही. फडक्याने धूळ पुसली, तर आत आख्खं आभाळ. इथे ते थांबत आणि ऐकणाऱ्याकडे बघत. दुकानात जरा जास्त वेळ बसलेल्या गिऱ्हाइकाला ही गोष्ट ऐकल्याशिवाय उठता येत नसे.

त्या सोमवारी दुकानात मेव्हणा बसला होता. मेव्हणा म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ, लाकडाच्या वखारीचा मालक. त्याने सहा महिन्यांपूर्वी नवी गाडी घेतली होती आणि ती गाडी बोलायची. पट्टा लावा म्हणायची, दार उघडं आहे म्हणायची. आमच्या घरात तेवढं सांगायला माणसं आहेत, असं आरसेवाले म्हणत, पण नव्या गाडीकडे बघताना त्यांच्या पोटात दुखायचं ते दुखायचंच.

"भाऊजी," मेव्हणा चहाचा घोट घेत म्हणाला, "शाळेच्या काचा मी नेतो वर. तुमची थोरली अर्ध्यात टेकली तर पोरं थंडीभर वारा खात बसतील."

टेकडीवरच्या शाळेच्या नव्या वर्गांना बेचाळीस काचा हव्या होत्या. शनिवारी पोचवायच्या होत्या. थोरली चढाला धापा टाकते हे गल्लीत कुणापासून लपलेलं नव्हतं.

"थोरली टेकणार नाही," आरसेवाले म्हणाले.

"टेकली तर?"

आता इथे शहाणा माणूस विषय बदलतो. पण दुकानात चार गिऱ्हाइकं होती आणि समोर बायकोचा भाऊ.

"शनिवारी त्या चढावर थोरली थांबली, तर रविवारी तू स्वतः तिला भंगारात नेऊन घाल. मी चकार शब्द काढणार नाही."

टेबलाशी काच कापत असलेल्या बाईंनी मान वर केली नाही. मेव्हण्याने कप खाली ठेवला आणि चारी गिऱ्हाइकांना म्हणाला, "ऐकलंत ना सगळ्यांनी?" सगळ्यांनी ऐकलं होतं. असल्या गोष्टी लोकांना पहिल्याच वेळी नीट ऐकू येतात.

रात्रभर आरसेवाल्यांच्या डोळ्याला डोळा लागला नाही. थोरलीवर त्यांचा जीव होता. तिच्या मागच्या फळीवर बसून त्यांनी डबे खाल्ले होते, तिच्यातूनच लेकीला तिच्या पहिल्या नोकरीच्या गावी सोडून आले होते. तिला भंगारात उलटी टांगलेली ते बघू शकले नसते. आणि हे सगळं आपल्याच जिभेने केलं, दुसऱ्या कुणावर चिडायचीही सोय नाही, हे सगळ्यात वाईट होतं.

मंगळवारी त्यांनी काचांच्या वजनाइतकी वाळूची पोती टाकली आणि चढ करून बघितला. पहिलं वळण झालं, दुसरं झालं. पाण्याच्या टाकीच्या वळणावर थोरली हुंदका देऊन उभी राहिली. तिथून त्यांना उलट्या गिअरमध्ये, मान मोडेस्तोवर मागे बघत, खाली यावं लागलं. वाटेत कुंपण रंगवणाऱ्या माणसाने ब्रश थांबवून त्यांना सलाम केला.

खाली आल्यावर ते तडक समोरच्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री डिझेल गाड्यांचा जुना जाणकार. कमी बोलणारा माणूस. बोलला की पुढच्याला आपण उगाच विचारलं असं वाटायचं. त्याने बॉनेट उघडलं आणि आत वाकून म्हणाला, "बसा आत. रेस दाबा. पूर्ण."

आरसेवाल्यांनी पॅडल दाबलं.

"पूर्ण म्हणालो."

"अहो, पाय आता जमिनीला लागेल."

"इकडे या. पायाच्या जागी लाकूड लावा आणि या."

त्यांनी खिडकीच्या चौकटीची एक पट्टी पॅडल आणि सीटच्या मध्ये ठोकून बसवली आणि पुढे आले. मिस्त्रीने बोट दाखवलं. पॅडलपासून डिझेलच्या पंपापर्यंत एक दांडी जाते. पॅडल दाबलं की दांडी ओढली जाते, दांडी पंपाचा छोटा लिव्हर फिरवते आणि तितकं डिझेल इंजिनात जातं. पॅडल तळाला टेकलं की लिव्हरही त्याच्या शेवटच्या स्क्रूला टेकला पाहिजे. इथे पॅडल तळाला होतं आणि लिव्हर स्क्रूपासून करंगळीभर लांब.

"तुम्ही ओरडताय," मिस्त्री म्हणाला, "पण पंपाला अर्धंच ऐकू येतंय."

"मग इंजिन?"

"इंजिन ठणठणीत आहे. ही दांडी लांब झालीय."

दांडीच्या टोकाला आटे असतात. ती फिरवली की लांबी कमीजास्त होते, आणि मग ती हलू नये म्हणून दहाच्या पान्याने लॉकनट आवळायचा. मिस्त्रीने लॉकनट सैल केला, दांडी फिरवली. एक आटा, दोन, अडीच. लिव्हर स्क्रूला जाऊन टेकला. नट आवळला. आरसेवाले बाजारातून एक फेरी मारून आले ते वेगळेच होऊन आले.

त्याला कारण होतं. थोरली मंदावली ती काही आज नाही. दहा-अकरा वर्षांपूर्वी ती हळूहळू बसत गेली, आणि आरसेवाल्यांनी आधी गाडीचं वय झालं असं मानलं, मग आपल्या उजव्या पायातली ताकद गेली असं मानलं. डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांना काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी सकाळी चालायला सांगितलं. तेव्हापासून हा माणूस रोज उजाडता पाऊण तास झपाझप चालत होता. दहा वर्षं पायाला दोष दिला आणि दोष निघाला एका दांडीत. त्या संध्याकाळी त्यांनी उजव्या पायाला तेल लावून चोळलं, माफी मागितल्यासारखं.

बायकोला त्यांनी सगळं सांगितलं. "अगं, अडीच आटे. फक्त अडीच आटे." बाई म्हणाल्या, "बरं."

बुधवारी सकाळी चालून आल्यावर त्यांनी हौसेने गाडी सुरू केली. आणि ये रे माझ्या मागल्या. थोरली पुन्हा धापा टाकू लागली. लाकडाची पट्टी लावून बघितलं, लिव्हर स्क्रूपासून करंगळीभर लांब. मिस्त्रीने पुन्हा अडीच आटे फिरवले, नट दोन्ही हातांनी आवळला. गुरुवारी सकाळी पुन्हा तेच.

मिस्त्री बराच वेळ बॉनेटखाली वाकून राहिला. मग हात पुसत म्हणाला, "आपोआप सुटलेला नट सैल सापडतो."

"मग?"

"हा घट्ट सापडतोय. दांडी फिरवून नट परत आवळलाय. दोन्ही वेळा. आटेसुद्धा मोजून, अडीचच. हे गाडीने केलेलं नाही, माणसाने केलंय."

आरसेवाल्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस आला, आणि त्याच्या हातात चहाचा कप होता. "मेव्हणा," ते दात आवळून म्हणाले. "रविवारची वाट बघवत नाही त्याला. हा उपटसुंभ पहाटे उठून माझ्या अंगणात..."

"तो नऊला उठतो," मिस्त्री म्हणाला. "वखार दहाला उघडते त्याची."

पण आरसेवाल्यांना आता पुरावा हवा होता. गुरुवारी दिवे लागायच्या वेळेला, दांडी तिसऱ्यांदा सारखी करून झाल्यावर, त्यांनी दुकानातली पुट्टी घेतली. पुट्टी म्हणजे काच चौकटीत बसवताना कडेने भरतात तो लगदा. त्याचा गोळा त्यांनी लॉकनटवर थापला आणि अंगठ्याने दाबला. आता नटाला कोणी पाना लावला तर पुट्टी निघणार, आणि चोर उघडा पडणार. पुट्टीच्या कामात आरसेवाल्यांचा हात कधीच सफाईचा नव्हता. त्यांनी लावलेली पुट्टी दिसायला, कोणी चालता चालता फेकून मारल्यासारखी. पण पहारा करायला सफाई कशाला लागते?

शुक्रवारी सकाळी ते नेहमीपेक्षा पाच मिनिटं लवकर परतले आणि थेट मिस्त्रीला घेऊन अंगणात आले. बॉनेट उघडलं. पुट्टी जागेवर होती.

"बघा," आरसेवाले म्हणाले. "घाबरला."

मिस्त्रीने काही न बोलता लाकडाची पट्टी पॅडलला लावली. लिव्हर करंगळीभर लांब.

 मग मिस्त्रीने पुट्टीजवळ तोंड नेलं, मान एकदा या बाजूला केली, एकदा त्या बाजूला.

"ही काल तुम्ही लावली होती?"

"मीच."

"नाही हो," मिस्त्री म्हणाला. "चोर तुमच्यापेक्षा चांगला काचवाला दिसतोय."

आरसेवाल्यांनी वाकून बघितलं. नटाभोवती पुट्टीला सगळ्या बाजूंनी एकसारखा उतार दिला होता. कडा स्वच्छ. वरून पातं फिरवलेलं, एकदाच, शेवटी किंचित उचलून, म्हणजे रेघ तुटत नाही. शेवटी पातं असं उचलणारा हात आख्ख्या गावात एकच होता, आणि आरसेवाल्यांनी बसवलेल्या काचांच्या कडा मागून त्याच हाताने भरल्या होत्या, त्यावर त्यांनी एकतीस वर्षं आयतं नाव कमावलं होतं.

मिस्त्रीलाही कळलं होतं. तो म्हणाला, "माझं जरा काम आहे," आणि गेला. त्याचं काही काम नव्हतं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आरसेवाले दुकानात शिरले ते डोक्यात राख घालून. पण बाई टेबलावर मोठी काच घेऊन उभ्या होत्या, पट्टी लावलेली, हिरकणी टेकवलेली. त्या दुकानाचा एक नियम होता, आणि तो आरसेवाल्यांनी स्वतःच केला होता. रेघ पुरी होईपर्यंत बाईंशी कोणी बोलायचं नाही. म्हणून ते राग तसाच धरून उभे राहिले. रेघ लांब होती. टक असा आवाज येईपर्यंत त्यातला थोडा राग सांडून गेला.

"पुट्टी छान लावलीस," ते म्हणाले.

"तुमची बघवत नव्हती," बाई म्हणाल्या.

एवढ्यात सगळा कबुलीजबाब झाला. मग बाईंनी कपडे वाळत घालायच्या चिमट्यांची टोपली पुढे ओढली, तिच्या तळातून दहाचा पाना काढला आणि टेबलावर ठेवला. तो पाना हरवून अकरा वर्षं झाली होती. त्याच्यासाठी आरसेवाल्यांनी दोन कामगारांवर आळ घेतला होता.

"अकरा वर्षं?"

"दर महिन्याला अर्धा आटा. पाच महिने. एकदम फिरवले असते तर तुम्हाला कळलं असतं."

"अगं, मी डॉक्टरकडे गेलो. पाय गेला समजून मी रोज पाऊण तास चालतोय."

"म्हणून तर मला पाऊण तास मिळतो," बाई म्हणाल्या. "आणि वजनही उतरलं तुमचं. बरंच झालं."

"तुला हे येतं कुठून?"

"वखारीत बाबांची करवत डिझेलच्या इंजिनावर चालायची. दांडी सारखी करायचं काम माझं होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत."

आरसेवाल्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "आणि उद्या चढावर थांबली असती तर? परवा थोरली भंगारात गेली असती. त्याचं काय?"

"गाडी दुसरी मिळते."

या वाक्याला पुढे काहीतरी असेल म्हणून आरसेवाले थांबले. बाईंनी काचेचा भुगा ब्रशने गोळा केला, डब्यात टाकला. पुढे काही आलं नाही.

"पण का? माझ्याशी बोलायचं होतंस. मी काय ऐकलं नसतं?"

तेव्हा बाईंनी ब्रश ठेवला. डाव्या कानावरचे केस बाजूला केले. आत पांढरी रेघ होती, नखाएवढी.

"हे तुम्ही एकदा विचारलं होतंत. मी कपाटाचं दार लागलं म्हणाले. कपाटाचं नाही. टाकीच्या वळणाचं आहे."

आरसेवाल्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"तुम्ही सायकल वाचवलीत, खोटं नाही. पण उतारावर तेवढा वेग कुणी मागितला होता? मी तीनदा म्हटलं, हळू. तुम्ही म्हणालात, थोरलीला जोर आहे. मग डोकं खिडकीच्या दांडीवर आदळलं. कानात शिट्टी वाजत होती. तुम्ही उतरलात आणि मागे धावलात. आरसा हाताने चाचपून बघितलात, वरून खालपर्यंत. मग माझ्या खिडकीशी आलात. मला वाटलं, आता विचारतील. तुम्ही म्हणालात, फडकं दे."

 आरसेवाल्यांना ते फडकं आठवलं. गोष्टीत ते आपोआप हातात यायचं. अकरा वर्षं ते फडकं कुठून येतं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही नाही.

"ती गोष्ट तुम्ही शंभरदा सांगितलीत," बाई म्हणाल्या. "माझ्या देखत सांगितलीत. त्यात सायकलवाला आहे, आरसा आहे, आभाळसुद्धा आहे. मी नाही. एकदाही नाही. त्याच दिवशी ठरवलं, या माणसाला सांगण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा गाडीला सांगावं."

  आरसेवाले अंगणात जाऊन थोरलीत बसले. आधी स्टिअरिंगमागे बसले, मग उठून शेजारच्या जागेवर. तिथून त्यांनी खिडकीच्या दांडीला डोकं लावून बघितलं. दांडी लोखंडाची होती. त्यांना लाज वाटली, आणि ती जेवणाच्या वेळेपर्यंत गेली नाही.

जेवताना त्यांनी खाली मान घालून विचारलं, "फार दुखलं होतं?"

"पंधरा दिवस."

"मला कळलं नाही."

"माहितीये," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात वाढलं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "उद्या दांडी मी लावते. पूर्ण लावते. चढ आहे."

शनिवारी सकाळी बेचाळीस काचा थोरलीच्या तिरक्या फळीवर चढल्या, मध्ये कापड घालून, दोरीने आवळून. बाईंनी बॉनेटखाली वाकून नट सैल केला, अडीच आटे फिरवले, नट आवळला आणि हात पुसून शेजारच्या जागेवर येऊन बसल्या. पाना त्यांच्या मांडीवर होता. मागे मेव्हणा आपल्या बोलक्या गाडीत. थोरली थांबली तर साक्षीला आणि काचा उतरवून घ्यायला.

पहिलं वळण थोरलीने हसत घेतलं. दुसऱ्याला तिने काळ्या धुराचा असा लोट सोडला की मेव्हण्याला काचा वर करून अंतर ठेवावं लागलं. त्याची गाडी बाहेरच्या हवेबद्दल काहीबाही सांगू लागली. आरसेवाल्यांचं पॅडल तळाला होतं. चढावर मंत्र एकच: पाय उचलायचा नाही. उचलला की वेग पडतो, आणि एवढ्या ओझ्याला पडलेला वेग परत येत नाही.

टाकीचं वळण आलं आणि समोरून पाण्याचे पिंप लादलेला हातगाडा आला. ढकलणारा पिंपांच्या आड दिसत नव्हता, म्हणजे त्यालाही थोरली दिसत नव्हती. गाडा रस्त्याच्या मधोमध. बगलेतून काढता आलं असतं. वेगाने, स्टिअरिंग एकदम फिरवून. एकदा काढलंच होतं.

आरसेवाल्यांनी मागच्या आरशात काचांकडे बघितलं नाही. त्यांनी शेजारी बघितलं. बाईंचा एक हात खिडकीच्या दांडीवर गेला होता, डोक्याच्या आणि लोखंडाच्या मध्ये. आरसेवाल्यांनी पाय उचलला.

वेग गेला. गाडा सावकाश बाजूने सरकला. ढकलणाऱ्याने नमस्कारही केला, त्याला काय माहीत. थोरली थरथरायला लागली. काटा शून्यावर आला. इंजिन एकेक ठोका मोजून टाकू लागलं. आरसेवाल्यांना वाटलं, संपलं. भंगार. आणि मनात असंही आलं की ठीक आहे, जाऊ दे.

"दाबा," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघताय? रस्ता मोकळा आहे. दाबा म्हणते ना."

पाय तळाला गेला. पूर्ण, आणि या वेळी पंपाला पूर्ण ऐकू आलं. थोरलीने धुराचा एक डोंगर मागे टाकला, चाकं इंच इंच सरकली, मग वीतभर, मग हातभर, आणि वळण मागे पडलं.

शाळेच्या फाटकात मेव्हणा गाडीतून उतरला तो खोकतच. "भाऊजी, थांबली. टाकीपाशी थांबली होती. धुरात दिसलं नाही, पण थांबली."

"नाही थांबली," बाई म्हणाल्या.

"ताई, तुला कसं..."

"मी आत होते."

मेव्हणा बहिणीकडे बघत राहिला. लहानपणापासून त्याने या आवाजापुढे वाद घातला नव्हता, आजही घातला नाही. थोरली वाचली.

काचा उतरवून झाल्या. मुख्याध्यापकबाई दोन शिक्षकांना घेऊन बघायला आल्या आणि म्हणाल्या, "तुम्हीच ना ते आरसेवाले? ती वळणाची गोष्ट आम्हाला ऐकायचीच होती."

आरसेवाल्यांचा चेहरा सवयीने फुलला. त्यांनी सुरुवात केली. दीड पुरुष उंच आरसा, भरधाव गाडी, दुधाची सायकल, दोन चाकं. शिक्षक पुढे सरसावले. आणि मग आरसेवाले नेहमीच्या जागी न थांबता पुढे म्हणाले, "शेजारी बायको होती. ती तीनदा हळू म्हणाली होती. तिचं डोकं आपटलं, रक्त आलं. मी आधी आरसा बघितला. मग तिच्याकडे फडकं मागितलं."

 एक शिक्षक "अच्छा" म्हणाला आणि दुसरा काचा मोजायला लागला. इतक्या वर्षांत ती गोष्ट पहिल्यांदाच सपशेल पडली. बाई गाडीत जाऊन बसल्या होत्या. खिडकी उघडी होती.

आरसेवाले गाडीशी आले, त्यांनी खिडकीतून हात आत घातला आणि म्हणाले, "पाना दे."

बाईंनी दिला. त्यांनी बॉनेट उघडलं.

"आता काय बिघडलं?" लांबून मेव्हणा आशेने ओरडला.

"काही नाही," आरसेवाले म्हणाले. "उतार आहे."

त्यांनी लॉकनट सैल केला आणि दांडी उलटी फिरवायला लागले, ऐकू जाईल अशा बेताने मोजत. एक. दोन. मग त्यांनी जरासा विचार केला, पाना लॉकनटला लावला आणि आवळायला घेतला.

"अडीच," आतून आवाज आला.

आरसेवाल्यांनी नट पुन्हा सैल केला आणि उरलेला अर्धा आटा दिला.